दाखल्यानंतरचा खर्च

दिव्यांग व्यक्तीला रोजगार मिळावा म्हणून सरकार जो पैसा आणि जे अधिकार खर्ची घालते, ते प्रामुख्याने तीन वाटांनी जातात: सरकारी नोकरीतील राखीव जागा, स्वयंरोजगारासाठी कर्ज व अनुदान, आणि तीनचाकी सायकल, कुबड्या, श्रवणयंत्र यांसारखी साधने. जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांत या तिन्ही वाटा अस्तित्वात आहेत व त्यांचे लाभार्थीही आहेत. परंतु योजनांची रचना बारकाईने पाहिली तर त्यांतील जवळपास प्रत्येक मदत कामाच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचवून थांबते, असे दिसते. उंबरठा ओलांडल्यावर रोजचा प्रवास, मदतनीस, साधनांची दुरुस्ती आणि कामाच्या जागेतील बदल हा जो खर्च सुरू होतो, तो कोणी उचलायचा याचे उत्तर बहुतेक शासन निर्णयांत सापडत नाही, आणि खानदेशात तो खर्च आजवर मुख्यतः घरच्यांनीच उचललेला आहे.

या सर्व मदतीचे प्रवेशद्वार म्हणजे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र, ज्याला सर्वत्र नुसते ‘दाखला’ म्हटले जाते. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम १९ एप्रिल २०१७ रोजी अमलात आला आणि त्याने १९९५ च्या जुन्या कायद्यातील सात प्रकारांऐवजी एकवीस प्रकारांचे दिव्यांगत्व मान्य केले. मात्र आरक्षण आणि बहुसंख्य योजनांचा लाभ घ्यायचा तर दिव्यांगत्व किमान ४० टक्के असावे लागते, आणि या पातळीला कायद्याच्या भाषेत लक्षणीय दिव्यांगत्व म्हणतात. तपासणी करून टक्केवारी ठरवणारे वैद्यकीय मंडळ मुख्यतः जिल्ह्याच्या ठिकाणी बसते. धुळ्यात भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जुने आहे, जळगावात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१८ मध्ये सुरू झाले, तरी लोकांच्या तोंडी दोन्हीकडे ‘सिव्हिल’ हाच शब्द आहे. चोपडा, रावेर किंवा चाळीसगाव तालुक्यातील खेड्यातून, तसेच साक्रीच्या पश्चिम पट्ट्यातील आदिवासी पाड्यांवरून ‘सिव्हिल’पर्यंत येणे, सोबत एक माणूस आणणे आणि त्या दोघांची दिवसाची मजुरी बुडणे, ही या मदतसाखळीतील पहिली किंमत असते व ती अर्जदारच मोजतो. दाखल्याबरोबर आता देशभर चालणारे वैश्विक ओळखपत्र मिळते, आणि त्याच्या रंगावरून टक्केवारीचा गट कळतो. शरीराचे किंवा मनाचे कोणते कार्य किती कमी झाले आहे हे दाखला सांगतो. ती व्यक्ती कोणते काम, कशा जागेत आणि कोणत्या साधनाच्या आधाराने करू शकेल, हे त्यात कोठेही नोंदवलेले नसते. रोजगाराच्या दृष्टीने महत्त्वाची असलेली ही माहिती गोळा करण्याची जबाबदारी कोणत्याच कार्यालयावर नाही, आणि पुढच्या अनेक अडचणींचे मूळ येथेच आहे.

राखीव जागांची वाट सर्वांत परिचित आहे. अधिनियमाच्या कलम ३४ नुसार सरकारी आस्थापनांत चार टक्के जागा लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या उमेदवारांसाठी राखून ठेवायच्या असतात: एक टक्का अंध व अल्पदृष्टी व्यक्तींसाठी, एक टक्का कर्णबधिर व श्रवणदोष असलेल्यांसाठी, एक टक्का अस्थिव्यंग, मेंदूचा पक्षाघात, कुष्ठरोगमुक्त, शारीरिक वाढ खुंटलेले, आम्लहल्ल्याचे बळी आणि स्नायू क्षीण होत जाणारा विकार असलेले यांच्यासाठी, आणि उरलेला एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार व बहुविकलांगता यांच्यासाठी. त्यापूर्वी हे प्रमाण तीन टक्के होते, आणि ते मोजायचे कसे यावरच इतका घोळ घातला जात होता की, ऑक्टोबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राष्ट्रीय अंध महासंघाच्या प्रकरणात हे आरक्षण संवर्गातील एकूण रिक्त जागांवर मोजावे, केवळ दिव्यांगांसाठी योग्य ठरवलेल्या मोजक्या पदांवर नव्हे, असे स्पष्ट करावे लागले. खानदेशात अशा जागा देऊ शकणारी आस्थापने कमी नाहीत. दोन जिल्हा परिषदा, महापालिका, भुसावळचा रेल्वे विभाग, भुसावळ आणि वरणगाव येथील आयुध निर्माणी, दीपनगरचे औष्णिक वीज केंद्र, राष्ट्रीयीकृत बँका आणि कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ ही त्यांतील ठळक नावे होत.

पण राखीव जागा असणे आणि त्या जागेपर्यंत पोहोचणे यांच्यामध्ये स्पर्धा परीक्षेचा डोंगर असतो, आणि तो चढण्यासाठी लागणारे बळ पुरवण्याचे काम जळगावात सरकारपेक्षा एका स्वयंसेवी संस्थेने अधिक ठळकपणे केले आहे. यजुर्वेंद्र महाजन यांनी २००५ मध्ये स्थापन केलेल्या दीपस्तंभ फाउंडेशनने पुढे ‘मनोबल’ हा निवासी प्रकल्प उभा केला, जेथे दिव्यांग, अनाथ आणि अन्य वंचित गटांतील तरुणांना राहणे, जेवण व प्रशिक्षण यांची सोय करून स्पर्धा परीक्षांसाठी तयार केले जाते. येथे शिकवणीइतकेच महत्त्व राहण्याच्या सोयीला आहे, कारण वर्गात शिकवलेले समजणे ही अंध किंवा चाकाच्या खुर्चीवरील विद्यार्थ्याची मुख्य अडचण क्वचितच असते. खोलीपासून वर्गापर्यंत, स्वच्छतागृहापर्यंत आणि परीक्षा केंद्रापर्यंत जाता येणे, पुस्तक ऐकता येईल अशा स्वरूपात मिळणे आणि योग्य लेखनिक सापडणे या त्याच्या खऱ्या गरजा असतात. परीक्षेत स्वतः लिहू न शकणाऱ्या उमेदवाराच्या वतीने उत्तरे लिहिणारी व्यक्ती म्हणजे लेखनिक. नियमानुसार अशा उमेदवाराला दर तासाला किमान वीस मिनिटे अधिक मिळतात, परंतु गणिताची चिन्हे किंवा इंग्रजी वर्णलेखन नीट न येणारा लेखनिक वाट्याला आला तर ती वाढीव मिनिटेही अपुरी पडतात. अशा प्रकल्पाचा खर्च प्रामुख्याने देणगीदारांच्या पैशातून भागतो. म्हणजे कायद्याने निर्माण केलेल्या हक्कापर्यंत पोहोचण्याचे भाडे समाजातील दाते भरतात, आणि ज्या जिल्ह्यात अशी संस्था उभी राहिली नाही तेथे ते कोणीच भरत नाही.

परीक्षा उत्तीर्ण झाल्यावरही पदासाठी ‘योग्य’ ठरण्याची अट उरते, आणि ती किती अडवू शकते हे प्रांजल पाटील यांच्या बाबतीत देशाने पाहिले. मूळच्या जळगाव जिल्ह्यातील कुटुंबातल्या आणि उल्हासनगरात वाढलेल्या प्रांजल यांची दृष्टी बालपणीच गेली. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०१५ च्या परीक्षेत त्यांना ७७३ वा क्रमांक मिळाला आणि रेल्वेच्या लेखा सेवेसाठी त्यांचे नाव निश्चित झाले, परंतु पूर्ण अंधत्वाचे कारण देऊन रेल्वेने त्यांना सामावून घेण्यास नकार दिला. त्यांनी पुन्हा परीक्षा दिली, १२४ वा क्रमांक मिळवला आणि त्या भारतीय प्रशासन सेवेत केरळ संवर्गात रुजू झाल्या. हिशेबाच्या कागदांसाठी अयोग्य ठरवलेली व्यक्ती अख्ख्या महसुली उपविभागाचा कारभार पाहू शकली, यावरून पदांची ती यादी काम समजून घेऊन केलेली नव्हती, असा निष्कर्ष काढणे वावगे ठरणार नाही.

खानदेशातील बहुतांश रोजगार मात्र सरकारी नाही. रावेर–यावल पट्ट्यातील केळीची कापणी व भराई, कापसाच्या जिनिंग, जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील डाळ मिल, प्लास्टिकच्या चटया व पाइप बनवणारे कारखाने, सराफ बाजार आणि दोन्ही जिल्ह्यांतील असंख्य लहान दुकाने हे येथील खरे मालक आहेत. खासगी मालकाने दिव्यांग व्यक्तीला कामावर घ्यावे म्हणून केंद्र सरकारने १ एप्रिल २००८ पासून एक प्रोत्साहन योजना आणली होती, जिच्यानुसार मासिक २५,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या दिव्यांग कर्मचाऱ्याच्या भविष्य निर्वाह निधीतील व कर्मचारी राज्य विमा योजनेतील मालकाचा हिस्सा पहिली तीन वर्षे सरकार भरणार होते. कल्पना सरळ होती, पण तिचे लाभार्थी अगदीच कमी राहिले, आणि त्याचे कारण खानदेशातील कोणताही हमाल किंवा निवड करणारी मजूर स्त्री सांगू शकेल. भविष्य निर्वाह निधीचा कायदा साधारणपणे वीस आणि राज्य विम्याचा दहा कामगारांच्या वरच्या आस्थापनांना लागू होतो. जेथे मजुरी रोजंदारीवर किंवा पोत्यामागे मोजली जाते आणि निधीचे खातेच नसते, तेथे मालकाचा भरायचा हिस्साच अस्तित्वात नसतो, मग सरकार माफ काय करणार? शिवाय ज्या मालकाकडे खाते होते त्याच्यापुढचा प्रश्नही वेगळा होता. उंच ओट्यावरच्या यंत्रापर्यंत उतरण बांधणे, भोंग्याऐवजी दिवा लावणे, बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या कामगाराला पहिले दोन-तीन महिने काम शिकवणारा माणूस जवळ ठेवणे, याचा खर्च वेतनाच्या बाराएक टक्क्यांच्या सवलतीतून निघत नव्हता. २०१६ च्या अधिनियमाच्या कलम ३५ मध्ये खासगी क्षेत्रातील किमान पाच टक्के कामगार दिव्यांग असावेत यासाठी सरकारने मालकांना प्रोत्साहन द्यावे असे म्हटले आहे खरे, पण ते ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ या शब्दांनी इतके सैल केले आहे की त्यावरून कोणी काही मागू शकत नाही.

नोकरी दुर्मीळ असल्याने सरकारी कल्पनाशक्ती स्वयंरोजगाराकडे वळली, आणि त्या कल्पनाशक्तीचा आवडता आकार नेहमीच टपरीचा राहिला आहे. १९८० आणि १९९० च्या दशकांत दिव्यांगांना टेलिफोन बूथ देण्यात प्राधान्य होते. बसून करता येणारे, रोख पैशाचे आणि चौकाचौकात गरज असलेले ते काम अनेक कुटुंबांना खरोखर पोसत होते, पण मोबाइल आला आणि काही वर्षांत ते बूथ झेरॉक्स, रिचार्ज किंवा पानपट्टीत विरघळून गेले. एका तंत्रज्ञानावर उभा असलेला रोजगार त्या तंत्रज्ञानाबरोबर गेला, तेव्हा त्या बूथचालकांना दुसऱ्या कामाकडे नेणारी कोणतीही योजना तयार नव्हती. महाराष्ट्रातील आजची बीज भांडवल योजना जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागामार्फत चालते: दीड लाख रुपयांपर्यंतच्या व्यवसायासाठी ८० टक्के रक्कम बँकेने कर्ज म्हणून द्यायची आणि २० टक्के, म्हणजे जास्तीत जास्त ३०,००० रुपये, शासनाने अनुदान म्हणून. समाजकल्याण विभाग प्रकरण मंजूर करून बँकेकडे पाठवतो आणि तेथे ते अडते, कारण कर्ज द्यायचे की नाही हे बँक ठरवते व ती तारण, जामीनदार आणि परतफेडीची खात्री पाहते. अनुदानाची फाइल आणि कर्जाची फाइल एकमेकींची वाट पाहत राहतात. याला पर्याय म्हणून राज्याचे दिव्यांग वित्त व विकास महामंडळ आहे, जे १९९७ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय महामंडळाच्या पैशातून सवलतीच्या व्याजाने थेट कर्ज देते. तीव्र दिव्यांगत्व असलेल्यांसाठी विजेवर चालणाऱ्या फिरत्या दुकानाची योजनाही त्याच महामंडळाची आहे, ज्यात सुमारे पावणेचार लाख रुपयांचे वाहन मिळते. ही योजना चांगली आहे, पण ती मूळ कल्पनेच्या बाहेर गेलेली नाही. बूथला चाके लागली, एवढेच. वाहनाची बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागेल तेव्हा तो खर्च धंद्याच्या नफ्यातून निघेल, असे येथे गृहीत धरलेले दिसते.

काम टिकवण्याचा प्रश्न खऱ्या अर्थाने येथून सुरू होतो, आणि त्याची एक बाजू कायद्याने ठामपणे सांभाळली आहे. सेवेत असताना अपघाताने किंवा आजाराने दिव्यांगत्व आले तर कर्मचाऱ्याला काढता येत नाही किंवा खालच्या पदावर नेता येत नाही. तो जुन्या पदाचे काम करू शकत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे पद द्यावे लागते, आणि तसे पद नसेल तर ते मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य पदावर, म्हणजे खास त्याच्यासाठी निर्माण केलेल्या जादा पदावर, ठेवावे लागते. ही तरतूद १९९५ च्या कायद्याच्या कलम ४७ मध्ये होती आणि आता कलम २० मध्ये आहे. कर्तव्यावर असताना जखमी होऊन पाय गमावलेल्या कुणाल सिंग या जवानाच्या प्रकरणात २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिचा अर्थ कर्मचाऱ्याच्या बाजूने लावला. ट्रकने भरलेल्या दोन महामार्गांच्या चौफुलीवर वसलेल्या धुळ्यात आणि रेल्वे कामगारांच्या भुसावळात ही तरतूद किती घरांचा आधार ठरू शकते हे वेगळे सांगायला नको, पण ती सरकारी आस्थापनांपुरती आहे आणि ट्रकचा क्लीनर सरकारी नोकर नसतो.

टिकवण्याची दुसरी बाजू रोजच्या खर्चाची आहे, जिला कायदा ‘वाजवी सोय’ म्हणतो: दिव्यांग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने काम करता यावे म्हणून केलेला आवश्यक आणि अवाजवी बोजा न टाकणारा बदल. सरकारी कर्मचाऱ्याला दुप्पट वाहतूक भत्ता, व्यवसाय करातून सूट आणि प्राप्तिकरात वजावट मिळते, परंतु रोजंदारीवरच्या माणसाला यांतले काहीच लागू पडत नाही. एसटीच्या तिकिटात दिव्यांगांना ७५ टक्के सवलत आहे, आणि दिव्यांगत्व तीव्र असल्यास सोबत्यालाही ५० टक्के. पण बसची पहिली पायरी गुडघ्याच्या उंचीची असेल तर स्वस्त तिकीट हातात असूनही बस सुटते आणि रिक्षाचे पूर्ण भाडे द्यावे लागते. केंद्राच्या साहाय्यक साधन योजनेतून शिबिरात मिळालेली तीनचाकी मोफत असते, तिचे टायर व बेअरिंग मात्र विकत घ्यावे लागतात, आणि कानपूरच्या कारखान्यात बनलेल्या सायकलीचा विशिष्ट भाग तालुक्याच्या दुकानात मिळेलच असे नाही. अंध कर्मचाऱ्यासाठी संगणकाचा पडदा वाचून दाखवणारी ‘एनव्हीडीए’सारखी प्रणाली आज फुकट उपलब्ध आहे आणि ती मराठीही वाचते, तरी कार्यालयातील जुनी पत्रे युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलिखित असतील तर तिच्या तोंडून निरर्थक अक्षरे बाहेर पडतात, आणि शिक्का मारून स्कॅन केलेले परिपत्रक तिला कोऱ्या चित्रासारखे दिसते. या अडचणीवर उपाय महाग नाही. टंकलेखनाची सवय बदलायची आहे. तरीही त्या कर्मचाऱ्याला शेजारच्या सहकाऱ्याच्या मेहेरबानीवर विसंबून राहावे लागते, आणि मेहेरबानी बदलीबरोबर संपते.

इतर देशांनी हा आवर्ती खर्च कोणाच्या खात्यावर टाकला हे पाहणे उपयोगी आहे. ब्रिटनने १९४४ च्या कायद्याने वीस किंवा अधिक कामगार असलेल्या मालकांवर तीन टक्क्यांचे बंधन घातले होते, पण ते फारसे पाळले गेले नाही आणि अखेर सोडून देण्यात आले. १९९४ मध्ये मात्र तेथे अशी योजना सुरू झाली जिच्यात नोकरीवर असलेल्या दिव्यांग व्यक्तीच्या सांकेतिक भाषेच्या दुभाष्याचा, मदतनिसाचा किंवा बस वापरता येत नसल्यास टॅक्सीचा खर्च ठरावीक मर्यादेत सरकार वर्षानुवर्षे देते. या योजनेतही अर्ज रखडण्याच्या तक्रारी मोठ्या आहेत, तरी प्रश्न नेमका ओळखण्याचे श्रेय तिला द्यावेच लागते. जर्मनीने दुसरा मार्ग धरला: वीस किंवा अधिक कामगार असलेल्या मालकाने पाच टक्के जागा तीव्र दिव्यांगांना द्यायच्या, न दिल्यास प्रत्येक रिकाम्या जागेमागे आकार भरायचा, आणि तो पैसा दिव्यांगांच्या कामाच्या जागा सुधारण्यासाठी वापरायचा. दोन्हीकडे मदत व्यक्तीच्या शरीराऐवजी तिच्या कामाला जोडलेली आहे.

आपल्याकडे तर काही बाबतींत मदत आणि काम एकमेकांच्या विरोधात उभे राहतात. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगांना मिळणारी मासिक रक्कम २०२५ मध्ये १,५०० वरून २,५०० रुपये करण्यात आली, ही दिलासा देणारी गोष्ट आहे. परंतु या योजनेसाठी दिव्यांग व्यक्तीच्या कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये आहे, म्हणजे महिन्याला सुमारे ४,१६६ रुपये. एखाद्या दुकानात पाच हजारांची नोकरी लागली तर कागदोपत्री हे अनुदान जाते, आणि ती नोकरी चार महिन्यांत सुटली तर पुन्हा उत्पन्नाचा दाखला, तहसील कार्यालय, समितीची बैठक असा पूर्ण फेरा करावा लागतो. अशा स्थितीत तात्पुरती नोकरी नाकारणाऱ्याला आळशी म्हणणे सोपे आहे, पण त्याने केलेला हिशेब चुकीचा नसतो. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील दिव्यांग व्यक्तींपैकी ३६ टक्केच काम करणाऱ्या होत्या, पुरुषांत ४७ आणि स्त्रियांत अवघ्या २३ टक्के. या आकड्यांमागे जी कारणे आहेत त्यांत हा हिशेबही धरायला हवा. काम लागल्यावर निदान पहिली एक-दोन वर्षे अनुदान पूर्ण बंद न करता टप्प्याटप्प्याने कमी करणे, आणि नोकरी सुटल्यास नव्याने अर्ज न मागता ते आपोआप सुरू करणे, यासाठी नवे महामंडळ किंवा नवी इमारत लागत नाही.

महाराष्ट्राने ३ डिसेंबर २०२२ रोजी दिव्यांगांसाठी स्वतंत्र शासकीय विभाग स्थापन केला, त्यामुळे अशा फेरबदलांचा विचार करणारे घर आता तरी आहे. पैसाही पूर्णपणे नाही असे नाही. ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत प्रत्येक स्थानिक संस्थेने आपल्या स्वउत्पन्नातील पाच टक्के रक्कम दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करायची आहे, आणि दिव्यांग संघटना या निधीसाठी ग्रामपंचायतीच्या दारात वारंवार बसतात. व्यवहारात ही रक्कम पुष्कळदा वर्षाअखेरीस सर्व दाखलेधारकांत सारखी वाटली जाते किंवा त्यातून एकसारख्या वस्तू खरेदी केल्या जातात, कारण सारखे वाटप केले की कोणाची तक्रार येत नाही आणि लेखापरीक्षणात अडचण होत नाही. त्याच रकमेचा एक भाग गावातील काम करणाऱ्या दिव्यांगांच्या प्रवासासाठी, सायकलीच्या दुरुस्तीसाठी किंवा दुकानाच्या ओट्याला उतरण बांधण्यासाठी राखून ठेवावा, असा ठराव ग्रामसभेत मांडता येतो. तो मांडणाऱ्यांना मात्र आधी गावात कोण दिव्यांग काम करते, कोठे करते आणि त्यांचा महिन्याचा खर्च कोठे अडतो, याची यादी स्वतःच करावी लागते, कारण ती कोणत्याही कार्यालयात तयार नाही.